घरच्या घरी रंगीत फिल्म



रंगीत फिल्म घरी धुता येते असे आम्ही म्हटले, की ऐकणाराला ती थाप वाटते. ही समजूत अगदीच निराधार नाही. १९३५ साली निघालेल्या कोडाक्रोम फिल्ममध्ये रंग घडविणारी द्रव्ये नव्हतीच. धुताना ती एकेका थराला बाहेरून द्यावी लागत. ते काम कारखान्याचेच होते.

१९७२ पासून रूढ झालेल्या 'सी-४१' पद्धतीचे तसे नाही. या फिल्मचे थर निळा, हिरवा व तांबडा प्रकाश वेगवेगळा टिपतात, आणि रंगजनक द्रव्ये त्या थरांतच असतात. डेव्हलपर प्रकाश लागलेल्या ठिकाणी चांदी मोकळी करतो. त्या खटाटोपात तो स्वतः बदलतो व रंगजनकाशी संयोग पावून पिवळा, किरमिजी किंवा निळसर हिरवा रंग निर्माण करतो. पुढे ब्लीच आणि फिक्सर सारी चांदी काढून नेतात. मागे उरतात ते निव्वळ रंग.

फिल्म डब्यात भरताना मात्र मिट्ट काळोख हवा. तांबडा दिवाही चालत नाही. झाकण लागले की उजेडात काम करावे. डेव्हलपरचे तपमान ३७.८ अंश सेल्सिअस, वेळ ३ मिनिटे १५ सेकंद. यासाठी बाटल्या ऊन पाण्याच्या घंगाळात ठेवल्या आणि थर्मामीटरवर नजर ठेवली म्हणजे पुरते. तपमान ढळले तर तिन्ही थर सारखे उमलत नाहीत, आणि एक रंग सावरताना दुसरा बिघडतो. हातात रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी असावी, स्वयंपाकाची भांडी दूर असावीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये.

आता स्कॅनिंग. निगेटिव्हवर जी नारिंगी झाक दिसते ती रंगद्रव्यांतील उणिवा भरून काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असते. यंत्र ती वजा करते व चित्र उलटे फिरवते. परंतु आईच्या शालूचा रंग डाळिंबी होता की वांगी, हे यंत्राला कोण सांगणार? दुकानातल्या परक्या माणसालाही ते ठाऊक नसते. ज्याने तो शालू पाहिला, त्यानेच शेजारी बसून रंग ठरवावा. आमच्या मते घरी स्कॅन करण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. पैशाची बचत ही दुय्यम गोष्ट.

म्हणूनच एक विनंती. पाहिलेले सांगणारी माणसे घरात आहेत तोवर जुनी पाकिटे बाहेर काढा. रंगद्रव्ये काळाने फिकी पडतात, आणि आपल्या पावसाळी हवेत बुरशीही धरते. तेव्हा कोरड्या, थंड जागेचा विचार करा. आणि स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नका. स्कॅन हा आपण आज लावलेला अर्थ होय; मूळ पोथी हाती असेल, तरच उद्या कुणाला तो पुन्हा ताडून पाहता येईल.