कारण विचारण्याचा हक्क
(नार्वे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यायमूर्ती अभय ओक 24 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले. ते आपल्या गोव्याचे नव्हेत, ठाण्याचे. मग त्यांचा गौरव नार्व्यात कशासाठी, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो.

दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले आणि देव नदी ओलांडून इथे आले. 1668 मध्ये शिवछत्रपतींनी या देवळाचा जीर्णोद्धार करण्याची आज्ञा दिली. सत्तेला आवर घालणारे कुणी नसले की काय होते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुढे सालाझारच्या राजवटीत तर लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नसे. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले, ते याच नागरी स्वातंत्र्यासाठी. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि ते स्वातंत्र्य संविधानाने आम्हाला दिले. पण संविधानात लिहिलेला हक्क वेळेला उभा करायला न्यायाधीश लागतो. ओकसाहेब तसे न्यायाधीश होते.

त्यांनी 1983 मध्ये ठाण्याच्या न्यायालयात वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली. 2003 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1982 पासून गोवाही त्याच न्यायालयाच्या अखत्यारीत आहे, तेव्हा नाते तसे दूरचे नाही. 2019 मध्ये ते कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता त्यांचे काही निकाल पाहू. कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅपवर काश्मीरचे 370 कलम हटवल्याचा निषेध केला आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्यावरून त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. 7 मार्च 2024 रोजी ओकसाहेबांच्या पीठाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि पोलिसांनाही तो शिकवायला हवा, असे निकालात सांगितले. 28 मार्च 2025 रोजी एका कवितेवरून खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातेत नोंदलेला गुन्हाही त्यांच्या पीठाने रद्द केला. न्यायाधीशाला स्वतःला शब्द आवडले नाहीत तरी बोलणाऱ्याचा हक्क राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असा त्या निकालाचा आशय.

मंडळी, यातले काही शब्द आपल्यापैकी अनेकांना मुळीच आवडणार नाहीत. आम्हालाही आवडले नाहीत. पण आवडत्या बोलण्याला संरक्षण लागतच नाही. लोहियांचे भाषण पोर्तुगिजांना कुठे आवडले होते?

6 मे 2016 चा निकालही असाच आहे. महाराष्ट्रातील गोवंश हत्याबंदी न्यायालयाने कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ओकसाहेबांच्या पीठाने रद्द केले. माणसाच्या घरात सरकारने डोकावू नये, हे त्यामागचे तत्त्व. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्यानंतर, 24 ऑगस्ट 2017 रोजी, एकमताने जाहीर केले.

ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यांच्या पीठाने बजावले. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला. वकीलवर्ग खवळून उठला आणि सरकारला आरोप मागे घेऊन माफी मागावी लागली. आपल्या जत्रांनाही हा नियम लागू आहे, हे महाजनांसमोर नम्रपणे सांगतो.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निकाल 7 फेब्रुवारी 2025 चा. हरियाणात एका माणसाला अटकेचे कारण न सांगता पकडले होते आणि इस्पितळात खाटेला बेड्यांनी जखडून ठेवले होते. ओकसाहेबांच्या पीठाने अटकच बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. संविधानाचे 22 वे कलम सांगते की अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे. या निकालाने अधिक स्पष्ट केले की ते कारण त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत, नीट उमगेल असे सांगितले पाहिजे, आणि ते सांगितल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. शंभर रुपयांचा चेक परत करायचा तरी त्याला कारणाचा मेमो जोडावा लागतो. ‘सहीत फरक’, ‘शिल्लक अपुरी’, काय असेल ते लिहूनच द्यावे लागते. शंभर रुपयांच्या कागदाला जो मान, तो जित्या माणसाला नको काय? आणि मराठीतून शिकलेल्या, मराठीतून विचार करणाऱ्या आमच्या माणसाच्या हाती पोलीस ठाण्यात इंग्रजी कागद देऊन ‘सही कर’ म्हटले, तर त्याला कारण सांगितले असे कसे म्हणायचे? भाषेचा प्रश्न आपण व्यासपीठावर खूप मांडतो. तो कोठडीच्या दारातही उभा असतो, हे या निकालाने दाखवून दिले.

म्हणून शाल-श्रीफळाच्या गौरवापेक्षा दोन गोष्टी करूया. संविधानाची 19 ते 22 ही कलमे मराठीत छापून वाड्यावाड्यावर वाटूया. आणि आपल्यातल्या कुणाला, मग तो आपल्या पक्षाचा असो वा विरोधी, पोलिसांनी नेले, तर दोघांनी सोबत जाऊन शांतपणे विचारूया, ‘कारण काय? त्याला कळेल अशा भाषेत द्या.’ विरोधकासाठी जायला पाय जड होतील. तरी जावे. ओकसाहेबांच्या निकालांचा अर्थ तोच आहे.

न्यायमूर्ती ओक यांना दीर्घ आयुरारोग्य लाभो, हीच श्री सप्तकोटेश्वरचरणी प्रार्थना.

जय हिंद.