फायटर माशाची पिल्ले : आधी घास, मग जोडी

(कृषि विस्तार अधिकाऱ्याचे रेडिओवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यात एका गावी कपाशीची पाहणी करायला गेलो होतो. शिवारातून परत आल्यावर ओसरीवर चहा झाला. तेवढ्यात घरातल्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? आमच्याकडं माशांची पिल्लं होतात, पण राहत नाहीत."

आत जाऊन पाहिले तर काचेच्या दोन टाक्या आणि त्यांत फायटर मासे. बचत गटाकडून कर्ज काढून हा जोडधंदा मांडलेला. तीन वेळा माशांनी अंडी घातली, तीनही वेळा पिल्ले निघाली आणि तीनही वेळा आठ-दहा दिवसांत टाकी रिकामी झाली. कर्जाचा हप्ता मात्र चुकत नव्हता. "आता हे सगळं विकून टाकावं म्हणते," असे त्या म्हणाल्या.

मी शेतकीचा पदवीधर. पिकाचे विचारा, सांगेन. पण हे दुखणे माझ्या ओळखीचे होते. मीही हौसेने एक जोडी आणली होती. पहिल्याच खेपेला दोनशेच्या आसपास पिल्ले निघाली. खायला काय द्यायचे, याचा विचार पिल्ले निघाल्यावर सुरू केला. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून दिला. दुसऱ्या दिवशी पाण्याला वास आला आणि आठव्या दिवशी मोजून सहा पिल्ले उरली. रोग नव्हता, की कोणाची नजर लागली नव्हती. काही उपाशी मेली, काही नासलेल्या पाण्याने मेली.

म्हणून आजच्या बोलण्याचे सार आधीच सांगून ठेवतो. म्हैस दावणीला बांधण्याआधी आपण वैरणीची सोय पाहतो. इथेही तसेच. पिल्लांचा घास आधी तयार करावा, जोडी मग सोडावी.

मासा कोणता?

फायटर म्हणजेच बेट्टा. हा मूळचा थायलंडकडचा, भाताची खाचरे, दलदल आणि संथ उथळ पाण्यात राहणारा. तिकडे त्याला 'प्ला-कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. कल्ल्यांबरोबरच हा मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवाही घेतो. त्यामुळे थोड्या पाण्यात तो तग धरतो. पण म्हणून त्याला घाण पाणी चालते, असे समजू नये. दोन नर एकत्र ठेवले की झुंजतात आणि एकमेकांना फाडतात. गंमत म्हणून झुंज लावणे हे पाप तर आहेच, शिवाय १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे.

सात दिवस आधी : घासाची तयारी

नुकतेच पोहू लागलेले पिल्लू पापणीच्या केसाएवढे बारीक असते. बाजारातील कोरडे खाद्य कितीही चुरले तरी ते त्याच्या तोंडात मावत नाही, आणि न हलणारी वस्तू त्याला खाणे वाटत नाही. त्याला लागतात पाण्यात फिरणारे सूक्ष्मजीव. ते घरीच तयार होतात आणि त्याला पैसाही लागत नाही.

एका बरणीत दोन लिटर साधे पाणी घ्यावे. त्यात मूठभर भाताचा पेंढा, नाही तर केळीच्या सालीचा वाळलेला तुकडा टाकावा. जुन्या टाकीतले किंवा तळ्यातले कपभर पाणी तलम कापडातून गाळून विरजणासारखे घालावे. तोंडाला कापड बांधून बरणी उजेडात, पण उन्हात नव्हे, अशी ठेवावी. दोन-तीन दिवसांत पाणी दुधासारखे गढूळ होते आणि वास मारते. घाबरू नये आणि हे पाणी अजून वापरूही नये. पाच-सात दिवसांनी ते निवळू लागते व वास कमी होतो. मग बरणी उजेडापुढे धरून पाहावी. धुळीच्या कणांसारखे बारीक ठिपके हलताना दिसतील. किडी पाहायचे भिंग घरी असेल तर तेच वापरावे. हा झाला पिल्लांचा पहिला घास. दोन-दोन दिवसांच्या अंतराने अशा तीन बरण्या लावाव्यात, म्हणजे एक संपली की दुसरी तयार.

दुसरा घास आर्टेमियाचा. याची वाळलेली अंडी मत्स्यखाद्याच्या दुकानात मिळतात. ती महाग असतात, म्हणून पहिल्यांदा लहान पुडीच आणावी. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ विरघळवावे, त्यात अर्धा चहाचा चमचा अंडी टाकावीत व लहान पंपाने हवा सोडावी. ऊब असेल तर २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे जीव बाहेर पडतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. टरफले वर तरंगतात आणि जीव उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ते बारीक नळीने ओढून घ्यावेत, तलम कापडात गाळून गोड्या पाण्याने धुवावेत, मगच पिल्लांना द्यावेत.

जोडी आणि पाणी

नर-मादी सहा महिने ते वर्षाच्या आतली, धडधाकट व पंख न फाटलेली निवडावी. शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून आणावी, एकाच पैदाशीतली भावंडे नकोत. मादीचे पोट भरलेले हवे आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसायला हवा. आठवडाभर दोघांना वेगवेगळे ठेवून जिवंत खाद्य द्यावे. डासांच्या अळ्या आवडीने खातात. पण अळ्यांसाठी पाणी साठवून ठेवू नये, नाहीतर माशांच्या पायी घरात डेंग्यू यायचा. कुठे सापडल्या तर लगेच गाळून, धुऊन द्याव्यात.

टाकीत पाणी १० ते १५ सेंटिमीटर एवढेच असावे. तळाला वाळू नको, कारण पडलेली अंडी नराला उचलता आली पाहिजेत. ग्रामपंचायतीने टीसीएल टाकलेले पाणी असेल तर ते पसरट भांड्यात उघडे करून एक-दोन दिवस ठेवावे, मग वापरावे. फवारणीचा पंप, बादली, पिंप यांचा इथे चुकूनही उपयोग करू नये. फवारणी करून आलेला हातही पाण्यात घालू नये. पाण्याची ऊब २६ ते २८ अंश असावी. थंडीत आपल्याकडे रात्री फार गारठा पडतो. पाणी तापविण्याची सोय नसेल तर त्या दिवसांत पैदास करूच नये. पावसाळ्याचा काळ उत्तम.

आधी नर सोडावा. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन पाण्यावर तरंगत ठेवावे, त्याच्या आडोशाला नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादीला टाकीतच कंदिलाच्या काचेत उभी ठेवावी, म्हणजे दोघे एकमेकांना पाहतात, पण मारामारी होत नाही. एक-दोन दिवसांत घरटे बांधून झाले आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले की काच अलगद काढावी. थोडीफार पळापळ आणि पंखांची फाटाफाट होते. मादी फारच जखमी होऊ लागली तर लगेच बाहेर काढावी. तिला लपायला एका कोपऱ्यात पाणवनस्पती असावी.

नर मादीला विळखा घालतो, अंडी खाली पडतात आणि नर ती तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवतो. हे काही तास चालते. ते संपले की नर मादीला हुसकावू लागतो. तेव्हा मादी काढून घ्यावी. पुढची राखण बाप करतो. टाकीभोवती कागद लावावा आणि मुलांना दूर ठेवावे. वारंवार डोकावले तर नर बिथरतो व अंडी खाऊन टाकतो.

पहिले पंधरा दिवस

साधारण दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात. या वेळी त्यांना खाणे लागत नाही, पोटाशी बांधून आणलेली शिदोरी पुरते. आणखी दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागतात. हाच तो दिवस, बरं का. त्याच दिवशी नर काढायचा आणि त्याच दिवशी पहिला घास घालायचा. उद्यावर ढकलू नये.

निवळलेले सूक्ष्मजीवांचे पाणी दिवसातून तीन-चार वेळा कपभर हळूच सोडावे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याच्या जोडीला आर्टेमिया थोडा थोडा द्यावा. पिल्लाचे पोट नारिंगी दिसले की समजावे, पोरगं जेवलं. सगळ्यांची पोटे नारिंगी दिसू लागली की सूक्ष्मजीवांचे पाणी बंद केले तरी चालते. खाऊन उरेल एवढे कधी घालू नये. उरलेले कुजते आणि पाणी नासते. तळाची घाण एका आड एक दिवस बारीक नळीने ओढावी, नळीच्या तोंडाला कापड बांधावे. काढले तेवढेच, त्याच उबेचे पाणी थेंबाथेंबाने भरावे.

टाकीवर काच झाकावी, हवेपुरती फट ठेवावी. हवा घेण्याचे इंद्रिय पिल्लांत तीन-चार आठवड्यांच्या सुमारास कामास येऊ लागते. वरची हवा गार व कोरडी असेल तर त्या वेळी पुन्हा मर होते.

महिन्यानंतर हळूहळू बारीक कोरड्या खाद्याची सवय लावावी. दोन-अडीच महिन्यांत नर ओळखू येतात आणि भांडू लागतात. त्यांना वेगळे करावे लागते, प्रत्येकाला आपली बरणी. शंभर नर म्हणजे शंभर बरण्या, आणि त्यांचे पाणी बदलण्याचे रोजचे काम. म्हणून पहिल्यांदा एकच जोडी लावावी. दुकानदार किती, कोणत्या रंगाचे व कोणत्या दराने घेईल, हे जोडी लावण्याआधी विचारून यावे. लांब पंखांच्या नरांना गिऱ्हाईक असते, माद्यांना कमी. उरलेले मासे विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. परका मासा आपल्या पाण्यात सोडणे बरे नव्हे.

परसातील शोभिवंत मासे संगोपनाचा समावेश २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत करण्यात आला होता. सध्या कोणती मदत मिळते, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. कर्ज मात्र एक पैदास हाताखालून गेल्यावरच काढावे.

ध्यानात ठेवा

१. जोडी सोडण्याच्या सात दिवस आधी सूक्ष्मजीवांची बरणी लावा.
२. अंडी घालून झाली की मादी काढा, पिल्ले आडवी पोहू लागली की नर काढा.
३. थोडे पण वारंवार खाऊ घाला. पोट पाहा, पाण्याचा वास घ्या.
४. टाकी झाकलेली ठेवा, गारठा लागू देऊ नका.
५. फवारणीची भांडी व हात टाकीपासून दूर ठेवा.
६. बरण्या किती आहेत ते मोजून मगच पिल्ले वाढवा.

शेवटी त्या बाईंचे सांगतो. टाक्या त्यांनी विकल्या नाहीत. आधी पेंढ्याच्या तीन बरण्या लावल्या, मग चौथ्यांदा जोडी सोडली. दिवाळीच्या सुमारास त्या गावी पुन्हा जाणे झाले. ओसरीवरच्या फळीवर लोणच्याच्या, मुरंब्याच्या, मिळतील त्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. मी मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. प्रत्येकीत एक नर पंख पसरून उभा. बाई म्हणाल्या, "साहेब, या खेपेला राहिली बघा."

आपल्याही घरची राहोत. नमस्कार.