ट्रॅक्टर ढिम्म हलत नाही, तेव्हा



समजा, मृगाचा पाऊस पडून गेला आहे. आपल्या परभणीच्या काळ्या रानात वापसा आला आहे. सोयाबीन पेरायला दोन-तीनच दिवस हाती आहेत. आपण किल्ली फिरवतो, तर ट्रॅक्टर ढिम्म! जीव घाबरा होतो. मग कोणीतरी पेचकस घेऊन पुढे येतो. त्याला म्हणू या, "थांब गड्या, आधी बघू."

किल्ली फिरवली की बॅटरीतली वीज सेल्फला जाते. सेल्फ म्हणजे विजेची लहान मोटर. ती इंजिनाला पहिले फेरे देते. मग इंजिन आपल्या बळावर चालतं. बिघाड कुठं आहे, ते दिव्यावरून कळतं. आधी पुढचा दिवा लावू, मग किल्ली फिरवू.

दिवा लागतच नाही, किंवा एकदम मंद होतो आणि नुसतं टक्-टक् ऐकू येतं? मग बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिच्या टोकांना खार धरला आहे. आधी वजा खुणेची वायर सोडा, मग अधिक खुणेची. टोके घासून साफ करा. जोडताना वजाची वायर शेवटी. जवळ विडी पेटवू नका. बॅटरीतला वायू भडकतो.

दिवा झगझगीत राहतो, पण सेल्फ हलत नाही? गिअर न्यूट्रलला आहे का बघा. क्लच पुरता दाबा. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याशिवाय वीज पुढे जात नाही. तरी जमलं नाही, तर मिस्त्रीला बोलवा.

सेल्फ इंजिन जोरात फिरवतो, पण ते चालू होत नाही? मग दोष सेल्फचा नाही. डिझेल बघा. नळीत हवा धरली असेल.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. तो तापून जळतो.

आता पेचकसाचं सांगतो. चाकाजवळ उभं राहून सेल्फच्या टोकांना पेचकस लावला, की इंजिन सुरू होतं खरं. पण गिअर पडलेला असला, तर ट्रॅक्टर त्याच क्षणी चालू लागतो. मागचं चाक अंगावरून जातं. पळायला सवड मिळत नाही. अशानं माणसं मेली आहेत.

पूर्वी मोटारीला हँडल मारावं लागे. ते उलटं फिरून हात मोडत. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर बनवला. १९१२ साली तो कॅडिलॅक मोटारीला बसला. माणसाला इजा होऊ नये म्हणून तो कामी आला. त्याच्याच पायी आपण जीव घालवावा काय?

पेरणी एक दिवस लांबली तर शेजाऱ्याचं औत मागता येतं. गेलेलं माणूस मागून मिळत नाही. म्हणून एवढं ध्यानात ठेवू: ट्रॅक्टर चालू करायचा तो सीटवर बसून, किल्लीनंच.