आधी ग्रामसभा, मग आखणी



सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये रस्त्यांचा विषय निघतो. रस्ते रुंदावतात, पूल उभे राहतात, वाहनतळांसाठी जागा शोधल्या जातात. नव्या सिंहस्थाच्या तिथी १ जून २०२५ रोजी तेरा आखाड्यांच्या प्रतिनिधींसमवेत झालेल्या बैठकीनंतर जाहीर झाल्या. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी. तिथींबाबत साधुसमाजाशी विचारविनिमय झाला, हे परंपरेला धरूनच झाले. परंतु ज्या रस्त्याने भाविक चालत येतात आणि ज्याच्या शेतातून तो रस्ता जातो, त्यांना कोण विचारतो आणि केव्हा विचारतो? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

नाशिकने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात प्रशासनाने त्याचा धडा घेतला. पण पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्ट रोजी, दुसरे टोक गाठले गेले. बंदोबस्त इतका कडक झाला की भाविकांची मैलोन् मैल पायपीट झाली आणि स्थानिक नागरिक आपल्याच घरात अडकून पडले. टीका झाल्यावर १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल करण्यात आले. प्रशासनाच्या हेतूविषयी दोन्ही वेळा शंका नव्हती. पंचवटीतील कोणती गल्ली किती माणसे सामावू शकते, पावसात कोणता उतार निसरडा होतो, हे तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारा जाणतो. त्याचे हे ज्ञान नकाशावर वेळीच उतरावे, अशी व्यवस्था मात्र नव्हती.

कायद्याने समाजाला बोलण्याची संधी दिलेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ती कोणत्या टप्प्यावर मिळते, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ नुसार भूसंपादनाची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. तोवर मार्गाची रेषा पक्की झालेली असते. शेतकऱ्याला सात-बाराचा उतारा घेऊन कार्यालयाची पायरी चढावी लागते, ती रेषा ठरल्यानंतर. निर्णय झाल्यावर मत विचारणे, याला विचारविनिमय म्हणत नाहीत. ती केवळ सूचना ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि जनसुनावणी आणली; पण राष्ट्रीय महामार्गांचे भूसंपादन त्या प्रक्रियेच्या बाहेरच राहिले. अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा पेसा कायदा सांगतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील वनवासी बांधवांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. जो अधिकार वनवासी पाड्याला तत्त्वतः मान्य झाला, तो सिन्नर-निफाडच्या गावांनाही मिळण्यास हरकत कोणती?

समृद्धी महामार्गाचा अनुभव याच जिल्ह्यातला आहे. २०१६-१७ मध्ये जमीन एकत्रीकरणाची योजना पुढे आली, तेव्हा सिन्नर तालुक्यातील शिवडे गावाने मोजणीला कडवा विरोध केला. बागायती जमीन द्यायची आणि मोबदल्यात दूरच्या नवनगरातील भूखंड घ्यायचा, हा हिशेब शेतकऱ्याला पटत नव्हता. अखेर २०१७ मध्ये शासनाने थेट खरेदीचा मार्ग स्वीकारला, रोख मोबदला जाहीर केला आणि गावोगाव संवाद साधला. त्यानंतरच कामाला गती आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरचा महामार्ग अखंड झाला. सहभागाने विलंब होतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. शिवडेचा अनुभव उलटा आहे. विलंब झाला तो न विचारल्यामुळे. विचारल्यावर वाट मोकळी झाली.

नाशिक-पुणे रेल्वेची कथाही अशीच बोलकी आहे. सुमारे २३५ किलोमीटरचा हा मार्ग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर असा आखण्यात आला. काही गावांत भूसंपादनही सुरू झाले. पुढे अडथळा आला तो नारायणगावाजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा. तिच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि रेल्वेच्या विद्युत यंत्रणेमुळे त्यांच्या निरीक्षणात व्यत्यय येतो. मूळ मार्ग मागे पडला, शिर्डी-अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे आला आणि संगमनेर-जुन्नर भागात असंतोष पसरला. खोडदची दुर्बीण काही रातोरात उगवलेली नव्हती. पंचक्रोशीतील शाळकरी मुलालाही ती ठाऊक आहे. शेतकरी, व्यापारी आणि दुर्बिणीचे शास्त्रज्ञ आरंभीच एका बैठकीत बसले असते, तर हा प्रश्न कागदावरच सुटण्याची संधी होती.

योग्य विचाराचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट आहे. महामार्ग म्हणजे केवळ मोटारींचा मार्ग नव्हे, तर दिंडीचाही मार्ग आहे, हे त्यात मान्य झाले. संत निवृत्तिनाथांची पालखीही त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिक-सिन्नरमार्गे पंढरीला जाते. चैत्रात खानदेशातील भाविक सप्तशृंगगडाकडे चालत निघतात. मुंबईच्या पदयात्रा घोटी-सिन्नरवरून शिर्डीला जातात. या चालणाऱ्या समाजाची नोंद प्रत्येक आराखड्यात हवी.

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याचेही असेच आहे. भुयारी मार्गातून भरलेली ट्रॉली जाईल का, पलीकडच्या विहिरीची जलवाहिनी कोठून न्यायची, द्राक्षांच्या हंगामात बागेत गाडी कशी शिरणार, हे प्रश्न त्याच्या लेखी मोबदल्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात. ते आखणीपूर्वी विचारले तर थोडक्यात सुटतात; काँक्रीट पडल्यावर कोटींच्या खर्चानेही सुटत नाहीत.

आखणी आधी उघड केली तर दलाल जमिनी बळकावतील, अशी भीती दाखवली जाते. भीती खरी आहे. पण गुप्तता दलालाला रोखत नाही. ज्याची ओळख वरपर्यंत असते, त्याला नकाशा आधीच मिळतो. अंधारात राहतो तो फक्त मूळ मालक. म्हणून पर्यायी मार्गांचे नकाशे मराठीत, गावाच्या चावडीवर लावावेत आणि त्याच दिवसापासून त्या पट्ट्यातील खरेदी-विक्रीवर निर्बंध असावा. ग्रामसभा पेरणीच्या धांदलीत घेऊ नये. तीत महिला, शेतमजूर आणि एसटीने रोज प्रवास करणारे विद्यार्थी यांचेही म्हणणे नोंदवावे. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, याचे लेखी उत्तर गावाला मिळावे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडताना समाज हा स्वयंभू आहे, असे प्रतिपादन केले. राज्य हे समाजाचे एक अंग असेल, तर समाजाला विचारणे हे राज्याने केलेले उपकार ठरत नाहीत. ते त्याचे कर्तव्य ठरते.

पण कर्तव्य एकतर्फी नसते. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, रस्त्याच्या कडेला अतिक्रमणे होतात, मोबदला वाढावा म्हणून रातोरात फळझाडे लावली जातात, हेही याच समाजाचे चित्र आहे. नकाशा वाचता येणारे चार तरुण प्रत्येक गावात उभे राहिले, स्वयंसेवकांनी वृद्धांना कागद समजावून सांगितले आणि हरकतीबरोबर व्यवहार्य पर्यायही मांडला, तर गावाचा शब्द कोणत्याही कार्यालयाला डावलता येणार नाही.

सिंहस्थ संपतो, भाविक परततात. रस्ते मात्र पुढील पिढ्यांसाठी राहतात. ते कोठून जावेत, हे ठरवण्याच्या बैठकीत त्या भूमीचा पुत्र बसलेला असला पाहिजे.