बर्फावरचे दोन विजय

श्रोतेहो, हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, वाकड्या टोकाची काठी आणि पांढरा चेंडू उभा राहतो. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानचा २–१ असा पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा रेडिओला कान लावून बसलेली माणसे आपल्याकडे गावोगावी होती. खेळत होते अकरा जण, परंतु श्वास रोखून धरला होता कोट्यवधींनी. आपल्या देशाच्या संघामागे मनाने असे धावणे म्हणजे नेमके काय? त्यात केवळ करमणूक असते, की आणखी काही? या प्रश्नाचे उत्तर एका दूरच्या देशाने, एका वेगळ्याच हॉकीच्या निमित्ताने दिले आहे. तो देश म्हणजे चेकोस्लोव्हाकिया आणि ती हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी.

हा खेळ आपल्याला फारसा परिचित नाही. तेव्हा त्याची थोडी ओळख करून घेऊ. क्रीडांगण असते गोठविलेल्या पाण्याचे, चहूबाजूंनी फळ्यांचे कुंपण घातलेले. खेळाडूंच्या बुटांना खाली पोलादी पाती असतात आणि त्यांवरून ते वाऱ्याच्या वेगाने घसरत जातात. एका बाजूचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात. चेंडूच्या जागी असते कठीण रबराची एक चकती, सुमारे तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. दमछाक एवढी की खेळाडू मिनिटभर जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच बाहेर येऊन ताज्या गड्यांना आत पाठवितात. धक्काबुक्कीला नियमांनीच काही अंशी मुभा दिलेली असल्यामुळे हा खेळ दुबळ्यांचा नव्हे.

चेक आणि स्लोव्हाक लोकांना या खेळाचे वेड जुने आहे. १९४७ आणि १९४९ साली त्यांनी जगज्जेतेपद मिळविले होते. परंतु राजसत्तेची सावली या खेळावर तेव्हापासूनच पडू लागली. मार्च १९५० मध्ये संघ लंडनच्या स्पर्धेसाठी निघण्याच्या बेतात असताना त्याला ऐनवेळी थांबविण्यात आले आणि त्यानंतर लवकरच कित्येक खेळाडूंना अटक झाली. देशद्रोहाचा आरोप ठेवून खटला चालला. सुप्रसिद्ध गोलरक्षक बोहुमिल मोद्री यांना १५ वर्षांची, तर गुस्ताव बुबनिक यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. काही वर्षांनी ते सुटले. पण कारावासाने खंगलेले मोद्री १९६३ साली निधन पावले. आपल्या देशात बर्फावरचा खेळ हा निव्वळ खेळ राहिलेला नाही, हे तेथील प्रेक्षकांना असे फार आधीच कळून चुकले होते.

आता १९६८ सालाकडे वळू. त्या वर्षी अलेक्झांडर दुबचेक यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोकळ्या विचारांचे वारे वाहू लागले. वर्तमानपत्रांवरील बंधने सैल झाली, माणसे मनातले बोलू लागली. या काळाला जग ‘प्रागचा वसंत’ म्हणून ओळखते. परंतु २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएट रशिया आणि त्याची मित्रराष्ट्रे यांचे रणगाडे सीमा ओलांडून आत शिरले आणि तो वसंत उन्हाळा सरण्यापूर्वीच करपला. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या तरुण विद्यार्थ्याने प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला जाळून घेतले. शस्त्र हाती नसलेल्या राष्ट्राजवळ दुःख व्यक्त करण्याचे मार्गही एकेक करून बंद होत चालले होते.

अशा वेळी मार्च महिना उजाडला. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा वास्तविक प्रागमध्ये व्हावयाची होती. परंतु बदललेल्या परिस्थितीत ती स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे नेण्यात आली. सोव्हिएट रशिया, स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया, कॅनडा, फिनलंड आणि अमेरिका असे सहा संघ होते आणि प्रत्येकाला इतर प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे होते. याचा अर्थ असा, की ज्यांचे रणगाडे आपल्या रस्त्यांवर उभे होते, त्यांच्याशी समोरासमोर उभे राहण्याची संधी चेकोस्लोव्हाकियाला दोन वेळा मिळणार होती. सोव्हिएट संघ तर १९६३ पासून दरवर्षी जगज्जेता ठरत आलेला. त्याला एकदा हरविणेही दुर्घट, मग दोनदा हरविण्याची गोष्टच सोडा.

२१ मार्चला पहिला सामना झाला. व्लादिमिर झुरिल्ला हा धिप्पाड गोलरक्षक गोलासमोर भिंतीसारखा उभा राहिला. यान सुखी आणि योसेफ चेर्नी यांनी गोल केले आणि सामना २–० असा संपला. सामन्यानंतर प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करण्याचा या खेळात प्रघात आहे; चेकोस्लोव्हाक खेळाडूंनी तो पाळला नाही. त्यांच्या सदऱ्यावरील राष्ट्रचिन्हात सिंह होता आणि सिंहाच्या मस्तकावर, मुकुटाच्या जागी, साम्यवादी राजवटीने बसविलेला तारा होता. काही खेळाडूंनी तो तारा काळ्या पट्टीने झाकून टाकला. एक चकार शब्द न उच्चारता त्यांना जे सांगावयाचे होते, ते घरोघरी दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या माणसांना पुरते समजले.

२८ मार्चला दुसरा सामना झाला. हा अधिक अटीतटीचा ठरला आणि चेकोस्लोव्हाकियाने तो ४–३ असा जिंकला. शेवटची शिटी वाजली आणि देशभर लोक घराबाहेर पडले. त्या रात्री सुमारे पाच लाख माणसे रस्त्यांवर होती, असा अंदाज केला जातो. प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, संत वेन्सेस्लासच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती, पाऊल ठेवावयास जागा उरली नाही. भिंतींवर आणि दुकानांच्या काचांवर ४–३ हे आकडे खडूने आणि रंगाने लिहिले गेले. ऑगस्टमध्ये झालेल्या अपमानाची मार्चमध्ये परतफेड झाली, अशा अर्थाच्या घोषणा दुमदुमल्या. सात महिने घशात अडकून राहिलेला हुंदका हास्याच्या रूपाने बाहेर पडला, असेच म्हणावे लागेल.

परंतु श्रोतेहो, त्या रात्रीची कथा येथे संपत नाही. त्याच चौकात एअरोफ्लॉट या सोव्हिएट विमान कंपनीची कचेरी होती. तिच्यासमोर फरसबंदीच्या दगडांचा ढीग आधीच येऊन पडलेला होता. ते दगड भिरकावले गेले, काचा फुटल्या, आतील सामान रस्त्यावर आणून जाळण्यात आले. इतर काही शहरांत सोव्हिएट सैन्याच्या ठाण्यांवरही जमाव चालून गेले. ते दगड तेथे नेमके कोणी आणि कशासाठी आणून ठेवले, याविषयी पुष्कळ चर्चा झाली असून गुप्त पोलिसांनीच हा सापळा रचला असावा, असा संशय अनेक अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. काही असो, मॉस्कोला हवे ते निमित्त मिळाले. दबाव वाढला, वृत्तपत्रांवर पुन्हा पूर्वनियंत्रण आले आणि १७ एप्रिल १९६९ रोजी दुबचेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक यांची पक्षप्रमुख म्हणून निवड झाली. त्यानंतरची वीस वर्षे मौनाची होती.

आणि स्पर्धेचे काय झाले? ती हकीकतही चटका लावणारी आहे. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएट रशियाला दोनदा हरविले, सोव्हिएट रशियाने स्वीडनला दोनदा हरविले आणि स्वीडनने चेकोस्लोव्हाकियाला दोनदा हरविले. ३० मार्चला, अखेरच्या दिवशी, चेकोस्लोव्हाकियाला स्वीडनशी नुसती बरोबरी पुरली असती. परंतु एकमेव गोलाने तो सामना हातचा गेला. तिन्ही संघांचे १६–१६ गुण झाले. केलेले आणि स्वीकारलेले गोल यांच्या वजाबाकीवरून सोव्हिएट रशिया पहिला, स्वीडन दुसरा आणि चेकोस्लोव्हाकिया तिसरा ठरला. ज्यांनी जगज्जेत्यांना दोनदा नमविले, त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. तथापि त्या वर्षीचे सुवर्णपदक कोणाला मिळाले हे विसरलेली माणसेही ४–३ हा आकडा विसरली नाहीत.

पुढे १९७२ साली स्पर्धा प्रागमध्येच भरली, तेव्हा चेकोस्लोव्हाकियाने जगज्जेतेपद मिळवून सोव्हिएट संघाची सलग नऊ विजयांची मालिका खंडित केली. १९९८ साली नागानो येथील ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चेक प्रजासत्ताकाने रशियाला १–० असे हरविले. त्या संघातील यारोमिर यागर या विख्यात खेळाडूच्या पाठीवर ६८ हा क्रमांक होता, तो १९६८ सालच्या स्मरणार्थ. तोपर्यंत रणगाडे परत गेले होते आणि देश स्वतंत्र श्वास घेत होता. त्या विजयानंतरही प्रागचे चौक भरून गेले, मात्र या वेळी कोणा सत्ताधीशाला त्या गर्दीचे भय वाटले नाही. दोन रात्रींमधला खरा फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? गोलाने रणगाडा हटत नाही, हे एप्रिल १९६९ ने दाखवून दिले. खेळातल्या विजयावर राज्ये परत मिळत नाहीत, आणि आनंदाच्या भरात उचललेला एक दगड शत्रूच्याच उपयोगी पडू शकतो, हेही त्या रात्रीने शिकविले. परंतु ज्या राष्ट्राला आपण एकटे पडलो असे वाटू लागले होते, त्याला त्या साठ मिनिटांनी आपण अजून एकत्र आहोत याची खूण पटविली. शेजारच्या घरातूनही त्याच क्षणी तोच जयघोष ऐकू येतो, तेव्हा भिंतीपलीकडचा माणूस आपलाच आहे हे न विचारता कळते. बंदिवान समाजाला असे कळणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. संघामागे मनाने धावणारा माणूस बहुधा याच्याच शोधात असतो. मैदान हिरवे असो की बर्फाचे, पदक सोन्याचे मिळो की काशाचे, ही आपलेपणाची ओळख ज्याला लाभली, त्याचा तो सामना वाया गेला असे म्हणता येणार नाही.