गिरणगावची वाट



भोंगा झाला की आमचे वडील चाळीतून पायीच गिरणीत जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. तेथील नोकरदार विरार-कल्याणहून आगगाडीने येतो. स्थानकांचे जिने मात्र गिरणीच्या काळचेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

आता बीडीडी चाळींच्या जागीही मनोरे होत आहेत. १६० चौरस फुटांऐवजी ५०० मिळतात, याचा आनंद मलाही आहे. परंतु घराच्या नकाशासोबत रस्त्याचा व पुलाचाही नकाशा आपण मागावयास हवा. मी मागितला, तेव्हा कचेरीतील लिपिक हसला! येत्या मंगळवारी पुन्हा जाणार आहे. सवड असेल त्यांनी सोबत यावे.