डॉ. भांडारकरांच्या मालवणात आपलं स्वागत असो



तंत्रज्ञानविषयक कायदे आणि वैयक्तिक माहितीचं संरक्षण या विषयावरच्या परिषदेचं यजमानपद मालवणला मिळालं, हा आमच्या गावाचा बहुमान आहे. ग्रामदैवत श्री देव रामेश्वर-नारायणाला वंदन करून मी आपणां सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो.

बंदरावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. चहूबाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! महाराजांच्या हातापायांचे ठसे इथे भक्तिभावाने जपले आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वर मंदिर इथेच आहे. सोबतीला पद्मगड, राजकोट, सर्जेकोट. नारळी पौर्णिमेला सारा गाव बंदरावर लोटतो, दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. आपण बसला आहात त्या नाट्यगृहाला मामा वरेरकरांचं नाव आहे. नाटककार म्हणून महाराष्ट्राने गौरवलेल्या मामांनी उमेदीची वर्षं टपाल खात्यात काढली होती.

पण एका नावासाठी मी आपला थोडा अधिक वेळ मागतो. ६ जुलै १८३७ रोजी याच मालवणात रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. वडील महसूल खात्यात कारकून. हा मुलगा रत्नागिरीत शिकला, मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला, संस्कृतचा जगन्मान्य पंडित झाला आणि मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारी ती हीच संस्था. पुणेकरांनी त्यांचं नाव जपलं. जन्मगावातल्या शाळकरी मुलांना मात्र ते आपले आहेत हे आज सांगावं लागतं, याचं मला दुःख आहे. या परिषदेच्या निमित्ताने त्यांची तसबीर आम्ही व्यासपीठावर ठेवली आहे.

भांडारकरांचा आपल्या विषयाशी संबंध काय, असं कुणी विचारील. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला. मुलींचं संमतीवय दहावरून बारा करावं एवढंच त्यात होतं. पण घरातल्या गोष्टीत सरकारने हात का घालावा, यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. लोकमान्यांसारखे थोर पुरुष विरोधात होते. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ तपासून कायद्याच्या बाजूने निबंध लिहिला. स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाहही त्यांनी लोकांचा रोष पत्करून लावून दिला. घराचा उंबरठा पवित्र खरा, पण त्याच्या आत जो दुबळा आहे त्याला कायद्याचा आधार हवा, ही त्यांची भूमिका होती. आपणही दोन दिवस याच प्रश्नाचा विचार करणार आहात.

भांडारकर २४ ऑगस्ट १९२५ रोजी निवर्तले. २४ ऑगस्ट याच तारखेला, २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्या पीठावर धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे हे मराठी न्यायमूर्ती होते, याचा मला अभिमान वाटतो. पुढे माहिती-संरक्षणावर न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला, २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. त्यावर अधिकाराने बोलणारे आपण आहात. मी फक्त आमच्या किनाऱ्याचं गाऱ्हाणं मांडतो.

चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर इथली घरं चालली. पोस्टमन चौकटीत बसून म्हातारीला मुलाचं पत्र वाचून दाखवी, आणि त्यातली गोष्ट दुसऱ्या वाडीत जात नसे. तो विश्वास आता कुठे शोधायचा? २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन त्यांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्यात आली. देशाच्या रक्षणासाठी त्यांनी आपले ठसे आनंदाने दिले. ते ठसे कुठे आहेत, कोण पाहतं, हे विचारण्याचा हक्क त्यांना असावा की नाही? निवास-न्याहारीला उतरणाऱ्या पर्यटकांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्सचे गठ्ठे घरोघरच्या कपाटात साठले आहेत. ते किती दिवस ठेवावेत आणि कधी फाडावेत, हे आमच्या भगिनींना कुणी सांगितलेलं नाही. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. त्या यादीत मराठी आहे, कोकणीही आहे. सरकारला मिळालेल्या सवलतींवर, माहिती अधिकारावर होणाऱ्या परिणामावर आपण चर्चा कराल, ती अवश्य व्हावी. पण दांडीच्या रापणकाराला एका वाचनात समजेल असं साध्या मराठीतलं एक पानही या परिषदेतून निघावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता व्यवस्थेविषयी. कुडाळ स्टेशन लांब, त्यामुळे रात्रीच्या गाडीने आलेल्यांना ताटकळावं लागलं, क्षमा असावी. एका ठिकाणी इतक्या खोल्या मिळाल्या नाहीत, म्हणून आपली सोय दांडी, चिवला, वायरी आणि तारकर्ली अशी विखुरली. सभागृहात मोबाईलची रेंज कमी आहे, बाजारपेठेतला रस्ता अरुंद आहे. वीज गेल्यास जनरेटर तयार आहे. शाकाहारी पाहुण्यांसाठी स्वतंत्र चूल मांडली आहे. काजूची उसळ, घावणे आणि खापरोळी त्यांनी अवश्य चाखावी. काहीही उणं वाटलं तर कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगावं.

हे कार्य अनेक हातांनी उभं राहिलं. आंबा बागायतदारांनी आणि काजू कारखानदारांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. व्यापारी बांधवांनी मंडप आणि धान्य दिलं. मच्छीमार बांधवांनी पहाटेची ताजी मासळी दिली, होडीवाल्यांनी उद्याची किल्ल्याची फेरी विनामूल्य देऊ केली. निवास-न्याहारी चालवणाऱ्या भगिनींनी आपली घरं उघडली, बचत गटांनी स्वयंपाक सांभाळला. नगरपरिषद, पोलीस, वीज कर्मचारी, एस. टी. चे चालक-वाहक, शाळा-महाविद्यालयांतले स्वयंसेवक, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या सद्गृहस्थांनी नाव जाहीर न करण्याची अट घातली. त्यांची इच्छा आम्हांला शिरोधार्य आहे. त्यांनाही इथूनच नमस्कार.

आपल्या चर्चेला यश लाभो. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.